भिंतीतले सांधे : वाचकांचे प्रश्न

बडोद्याच्या वाचकांची या वेळची पत्रं दोनच विषयांवर आहेत. उन्हाळ्यात मुलांकडे लंडनला जाताना कोणती जुनी इंग्लिश घरं बघावीत, आणि इथे डोक्यावर असलेल्या वाड्याचं काय करावं. शतकानुशतकं वाढत, बदलत गेलेलं घर वाचायची रीत दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे उत्तरंही एकत्रच देत आहोत.

प्रश्न : मुलगी हौन्स्लोला असते. जूनमध्ये तिच्याकडे जाणार आहोत. मागच्या खेपेला दोन-तीन मोठी घरं पाहिली. गाईड 'हे ट्यूडर, हे जॉर्जियन' म्हणत गेला, पण आम्हाला सगळं सारखंच दिसलं. एकाच घरात वेगवेगळ्या काळांचं काम नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईल असं जवळपास काही आहे का? आणि बघायचं नेमकं काय? (एक वाचिका, अलकापुरी)

उत्तर : हौन्स्लोहून सगळ्यात सोयीचं ऑस्टर्ली. पिकॅडिली लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे, तिथून चालत जाता येतं. सर टॉमस ग्रेशम या धनाढ्य व्यापाऱ्याने १५७० च्या दशकात मध्ये चौक आणि चार कोपऱ्यांना बुरूज असं विटांचं घर इथे उभं केलं. १७१३ मध्ये ते चाइल्ड या पेढीवाल्या घराण्याकडे आलं आणि १७६१ पासून रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराने त्याचा कायापालट केला. ॲडमने बुरूज ठेवले, चौकही ठेवला. चौकाची एक बाजू मात्र मोकळी करून तिथे पांढऱ्या खांबांची दुहेरी रांग उभी केली, पुढे रुंद पायऱ्या बांधल्या आणि चौकाची जमीनच मुख्य मजल्याच्या पातळीपर्यंत उचलली. आपल्या वाड्यात माणूस ओटीवरून चौकात उतरतो. इथे पायऱ्या चढून चौकात जावं लागतं. ही चढण म्हणजेच अठराव्या शतकाचा बदल. घराशेजारची पागा सोळाव्या शतकातली आहे, ती सोडू नका. तिथल्या विटा आणि मुख्य घराच्या दर्शनी विटा यांची जाडी, रंग आणि सांध्यांची रुंदी ताडून बघा. हाताने थापलेल्या जुन्या विटा कमी-जास्त आकाराच्या असतात, म्हणून त्यांच्या दर्जा, म्हणजे दोन विटांमधले सांधे, जाड पडतात.

शैलीची नावं तूर्त बाजूला ठेवा. आधी बाहेरून घराला एक पूर्ण फेरी मारा आणि भिंतीतला सरळ उभा सांधा शोधा. एकाच वेळी बांधलेल्या भिंतीत विटा किंवा दगड एकमेकांत अडकवलेले असतात. जुन्या भिंतीला नंतर नवी भिंत भिडवली की थर जुळत नाहीत आणि वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ राहते. ही रेघ सापडली की दोन बांधकामं सापडली. त्यातलं जुनं कोणतं, हे कोपऱ्यावरून कळतं. कोपऱ्याचे घडीव दगड ज्या बाजूला पूर्ण आहेत ती बाजू आधीची, कारण एके काळी घर तिथे संपत होतं.

मग आत जा आणि दारांच्या चौकटी बघा. एका खोलीतून दुसरीत जाताना अचानक दोन-अडीच फूट जाडीची भिंत लागली, तर ती बहुधा पूर्वीची बाहेरची भिंत असते. याचा उत्तम नमुना रिचमंडजवळचं हॅम हाऊस. १६१० मध्ये इंग्रजी एच अक्षरासारख्या आराखड्यावर ते बांधलं गेलं. १६७० च्या दशकात लॉडरडेलचे ड्यूक आणि डचेस यांनी दक्षिणेकडच्या दोन भुजांमधली मोकळी जागा खोल्यांनी भरून काढली आणि घर पुढून मागे दुप्पट लांबीचं झालं. त्यामुळे मूळची मागची भिंत आता घराच्या मधोमध आली आहे. उत्तरेचं आणि दक्षिणेचं तोंड पाठोपाठ बघितलं तर हा साठ वर्षांचा फरक चटकन लक्षात येतो. रिचमंड स्टेशनपासून थेम्सच्या काठाने चालत जाता येतं, अंतर दोन-अडीच किलोमीटर. गुडघे कुरकुरत असतील तर बस घ्या.

एक दिवस मोकळा काढता आला तर विल्टशरमधलं लेकॉक ॲबी. पॅडिंग्टनहून रेल्वेने चिपनम, तिथून पुढे बस किंवा टॅक्सी. मूळ बांधकाम नन्सच्या मठाचं, १२३२ मधलं. आठव्या हेन्रीने मठ खालसा केल्यावर १५४० मध्ये विल्यम शॅरिंग्टनने ते विकत घेतलं, चर्च पाडलं आणि मठाच्या ओवऱ्या तशाच ठेवून वरच्या मजल्यावर संसार थाटला. एक अष्टकोनी बुरूजही चढवला. १७५० च्या दशकात सँडरसन मिलरने गॉथिक थाटाचा नवा हॉल केला. पुढे एकोणिसाव्या शतकात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने दक्षिणेकडे बाहेर झुकलेल्या जाळीदार खिडक्या बसवल्या. त्यातल्याच एका खिडकीचं १८३५ मधलं निगेटिव्ह हे आज उपलब्ध असलेलं सर्वात जुनं फोटो-निगेटिव्ह. दक्षिणेची जी भिंत आज घराचं तोंड म्हणून मिरवते ती पाडलेल्या चर्चची उत्तरेकडची भिंत आहे. एका भिंतीत सहाशे वर्षं! आमच्या मते प्रवासात एकच घर बघायचं असेल तर हेच बघावं, चॅट्सवर्थसारख्या भव्य हवेलीचा झगमगाट पुढच्या खेपेला.

प्रश्न : तिकडच्या घरांत विटांनी बुजवलेल्या खिडक्या दिसतात. त्या 'विंडो टॅक्स'मुळे बुजवल्या असं प्रत्येक जण सांगतो. खरं का? (एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : काही बाबतींत खरं. कर १६९६ मध्ये सुरू झाला आणि १८५१ मध्ये उठला. सुरुवातीला दहा खिडक्यांपासून जादा आकारणी होती, त्यामुळे बारा-तेरा खिडक्यांच्या घराला तीन-चार बुजवून फायदा होता. ज्या हवेलीला शंभर खिडक्या आहेत तिच्या मालकाने दर्शनी भागातल्या दोन बुजवून काय साधलं असतं?

मोठ्या घरांत बुजलेली खिडकी बहुतेक वेळा मुळातच खोटी असते. बाहेरून डावी-उजवी बाजू सारखी दिसली पाहिजे, पण आत नेमका तिथे धुरांडं किंवा आडवी भिंत येते. मग खिडकीचा कोनाडा काढून आत वीट भरायची. डर्बीशरचा हार्डविक हॉल १५९० ते १५९७ मध्ये बांधलेला, म्हणजे कराच्या शंभर वर्षं आधीचा. काचांसाठी तो नावाजलेला आहे, आणि त्याच्याही काही खिडक्यांमागे धुरांडी आहेत. फरक ओळखायचा तर खिडकीच्या कडा जवळून बघा. भरलेली वीट आजूबाजूच्या विटेसारखीच असेल आणि कडेशी नीट बसलेली असेल तर ती पहिल्या दिवसापासूनची. विटेचा रंग वेगळा, दर्ज वेगळी आणि खाली झिजलेला दगडी उंबरठा असेल तर ती नंतर बुजवली. तरीही कर हेच कारण असेल असं नाही. खोलीत नवा जिना किंवा कपाट आलं की खिडकी जातेच.

प्रश्न : खिडकीवरून घराचा काळ सांगता येतो असं वाचलं. कसा? (एक विद्यार्थिनी, वास्तुशास्त्र, तिसरं वर्ष)

उत्तर : खिडकीचा काळ सांगता येतो, घराचा नाही. खिडक्या हा घराचा सगळ्यात आधी बदलला जाणारा भाग आहे. बिजागरीवर उघडणारी, शिशाच्या पट्ट्यांत लहान काचा बसवलेली खिडकी सतराव्या शतकापर्यंतची सर्वसाधारण रीत. वर-खाली सरकणारी सॅश खिडकी १६७० नंतर रुळली. तिच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी पेटीत दोरीला टांगलेली वजनं असतात. दोरी तुटली की झडप धाडकन खाली येते, म्हणून दुरुस्तीत दोरी बदलताना दोन्ही बाजूंची एकदमच बदलतात.

काचांमधल्या लाकडी पट्ट्या बघ. १७०० च्या सुमारास त्या दीड इंचापर्यंत जाड, १८२० पर्यंत जेमतेम अर्ध्या इंचाच्या. काचेवरचा कर १८४५ मध्ये गेला, मोठ्या काचा स्वस्त झाल्या आणि मधल्या पट्ट्या गायब झाल्या. पण पट्ट्या गेल्यावर जड काचेचा सगळा भार चौकटीच्या कोपऱ्यांवर आला, सांधे निसटू लागले. म्हणून सुतारांनी वरच्या झडपेच्या उभ्या दांड्या खाली दोन-तीन इंच वाढवून सोडल्या. या शिंगांसारख्या टोकांना तिथे 'हॉर्न'च म्हणतात. ज्या खिडकीला हॉर्न आहेत ती बहुधा १८४० नंतरची. लंडनमध्ये आणखी एक खूण मिळते. आग पसरू नये म्हणून १७०९ च्या कायद्याने चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घ्यायला लावली. खेड्यातल्या घरांना हा कायदा लागू नव्हता, तिथे या खुणेवर विसंबू नकोस.

प्रश्न : दांडिया बाजारात आमचा चार पिढ्यांचा वाडा आहे. तळमजल्याच्या भिंती वीट आणि चुन्याच्या, दीड फूट जाडीच्या. वीस वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आता जमिनीपासून चार-साडेचार फुटांपर्यंत ओल चढते, लोणा (पांढरा क्षार) लागतो, रंगाचे पोपडे सुटतात. एका कोपऱ्यात खांबाचा पाया पोकळ वाजतो. कंत्राटदार म्हणतो, सगळा गिलावा उतरवा, वीट उघडी ठेवा आणि सिमेंटने दर्जा भरा, इंग्लंडमधल्या घरांसारखं दिसेल. करावं का? (एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : नको. इंग्लंडमध्ये हाच प्रयोग एकोणिसाव्या शतकात भरपूर झाला. जुन्या भिंती खरवडून 'मूळ रूपात' आणायच्या या हौसेविरुद्ध विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये संस्था काढली, ती आजही चालू आहे. नंतरच्या पिढ्यांनी घातलेली भर ही घराचाच भाग आहे, असं तिचं म्हणणं. गिलाव्यासाठी बांधलेली वीट उघडी ठेवली की पावसाचा मारा थेट तिच्यावर येतो. आणि सिमेंटची दर्ज विटेपेक्षा कठीण व घट्ट असल्याने पाणी दर्जेतून बाहेर पडायचं सोडून विटेतून पडतं. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या कातडीखाली साठतात, फुगतात आणि विटेचं तोंड उडतं. काही वर्षांनी दर्जांची जाळी पुढे आणि विटा आत गेलेल्या दिसतात.

तुमच्या भिंतीत सध्या तेच चाललं आहे, फक्त गिलाव्याआड. म्हणून पहिलं काम पाण्याचं. रस्त्यावर दरवर्षी थर चढून वाड्याचं जोतं किती बुडालं ते मोजा. बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या पातळीला आली असेल तर भिंतीलगत फूट-दीड फूट रुंदीचा पट्टा खोदून पातळी खाली घ्या, तिथे काँक्रीट ओतू नका, उताराची उघडी गटार ठेवा. छपराच्या पन्हळी आणि संडास-बाथरूमचे पाइप तपासा. यातलं काही राहून गेलं तर पुढचा सगळा खर्च वाया.

मग सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या वर आणखी फूट-दीड फुटापर्यंत काढा. हातोडी-छिन्नी वापरा, ग्राइंडर विटेच्या कडा खातो. दर्जा पाऊण इंच खोल उकरा. भिंत निदान सहा ते आठ आठवडे उघडी वाळू द्या. या काळात पांढरा लोणा वर येईल, तो कोरड्या ब्रशने झाडून पोत्यात भरून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तो परत भिंतीत जाईल.

चुना तयार पाकिटातला भुकटीचा नको. कळीचा चुना आणून हौदात विझवा आणि पाण्याखाली निदान महिनाभर मुरू द्या, तीन महिने मुरला तर उत्तम. विझवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उसळतो आणि डोळे जातात. चष्मा व हातमोजे न घालणाऱ्याला हौदाजवळ उभं करू नका. मापाने एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दोन भाग धुतलेली जाड वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. भट्टीत करपून काळी-जांभळी पडलेल्या विटेची भुकटी चुन्याशी जुळत नाही, ती नुसती भर होते. मिश्रण चुन्याच्या घाणीत (चुना मळायच्या चक्कीत) मळून घ्या, घाणी नसेल तर लाकडी मुसळाने कुटा. फावड्याने कालवून भागत नाही, चुन्याला मळणं लागतं. गूळ, मेथी, हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे, त्याने काम मऊ आणि चिवट होतं. पण वाईट चुना गुळाने सुधारत नाही, आणि गूळ जास्त झाला तर भिंत उशिरा धरते.

भिंत भिजवून आधी दर्जा भरा, मग अर्ध्या इंचाचे दोन हात. पहिला हात नखाने खरवडला तर ओरखडा उठावा पण बोट रुतू नये, इतका वाळला की दुसरा. दोन हातांत आठवडा सहज जातो. वर ओली पोती टांगून दहा ते चौदा दिवस ओल राखा. इथल्या हवेत हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर उरकावं. एप्रिल-मेच्या उन्हात गिलावा धरण्याआधीच सुकतो आणि त्याला केसासारख्या चिरा जातात. पावसाळ्यात तो सुकतच नाही. शेवटी चुन्याची पातळ सफेदी, चार-पाच हात. प्लॅस्टिक इमल्शन लावलंत तर पुन्हा पहिल्या पानावर आलात. कडिया (गवंडी) नव्या पिढीचा असेल तर एका आडोशाच्या भिंतीवर तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना आधी करून घ्या.

खांब पोकळ वाजतो म्हणजे तळखड्यालगत (खांबाखालच्या दगडालगत) बहुधा वाळवी आहे. अणकुचीदार लोखंडी सळईने खालपासून वर टोचत जा. सळई जिथे घुसायची थांबते तिथपर्यंतच लाकूड गेलं आहे. तुळईला जॅक लावून भार उचला, सडका भाग तिरका कापून जुन्या सागाचाच तुकडा जोडा. अख्खा खांब बदलायची गरज क्वचितच पडते. लाकडाभोवती सिमेंटचा गोळा भरणं हा सगळ्यात वाईट इलाज. त्यात पाणी अडतं, आणि आत काय चाललंय ते दिसेनासं होतं.

एक कायद्याची गोष्ट. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचा तांबेकर वाडा हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा नियंत्रित असतो. तुमचं घर त्यात येत असेल तर दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते. कंत्राटदाराला बयाणा द्यायच्या आधी अंतर मोजून घ्या.

प्रश्न : आपला लक्ष्मीविलास राजवाडा म्हणजे इंग्लिश कंट्री हाऊसच म्हणायचा ना? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : मोठेपणात हरकत नाही, घडणीत मात्र उलटा. लेकॉकसारख्या घरात वेगवेगळ्या प्रकारची कामं दिसतात कारण वेगवेगळ्या पिढ्यांनी ती केली. लक्ष्मीविलासमध्ये घुमट, छत्र्या, गुजराती कोरीवकाम, युरोपीय काचा हे सगळं एका आराखड्यात ठरवून आणलेलं आहे. मेजर चार्ल्स मँटने १८७८ मध्ये काम सुरू केलं, १८८१ मध्ये तो वारला आणि रॉबर्ट चिझमने १८९० मध्ये ते पुरं केलं. बारा वर्षांत दोन वास्तुकार, पण मालक एकच, सयाजीराव महाराज. त्यामुळे इथे सांधे शोधत बसू नका, सापडायचे नाहीत. दरबार, महाराजांचं निवासस्थान आणि जनाना असे तीन भाग कसे वेगळे ठेवले आहेत ते बघा.

प्रश्न : तिकडच्या जुन्या इंग्लिश घरांत खोल्यांमध्ये इतका अंधार का ठेवतात? पैसे देऊन गेलं तरी काही दिसत नाही. (एक वाचिका, सुभानपुरा)

उत्तर : कापड, गालिचे आणि जलरंगांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू द्यायचा नाही, असा दंडक आहे. तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. रेशीम उजेडाने आधी विटतं, मग विरतं, आणि विरलेलं सांधता येत नाही. दारात दोन-तीन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. बऱ्याच ठिकाणी बाग लवकर उघडते आणि घर उशिरा, तेव्हा वेळ बघूनच निघा.

प्रश्न : वाड्याचं वय कसं काढायचं? घरात कोणी दीडशे वर्षं म्हणतं, कोणी अडीचशे. (एक वाचक, बाबाजीपुरा)

उत्तर : आधी मोजून नकाशा काढा. प्रत्येक भिंतीची जाडी, प्रत्येक खोलीची फरशीपासून कडीपाटापर्यंतची उंची. कारण नसताना जाड भिंत किंवा मध्येच एक-दोन पायऱ्यांचा फरक दिसला की तिथे बांधकाम दोनदा झालं आहे. मग माळ्यावर चढा, जिथे कुणी रंग दिलेला नाही. छताच्या लाकडी कड्यांवर करवतीचे सरळ पण असमान ओरखडे असतील तर लाकूड हाताने चिरलेलं. गोलाकार ओरखडे असतील तर यंत्राच्या पात्याने, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आधीचं नाही. खिळे हाती घडवलेले, चौकोनी आणि ओबडधोबड डोक्याचे असतील तर जुने. गोल तारेचे खिळे त्या शतकाच्या अखेरीला आले. एक सावधगिरी : एका घराचं लाकूड दुसऱ्याला वापरणं सर्रास चाले. कडीला अशी खाच दिसली जिच्यात काहीच बसलेलं नाही, तर ती कडी दुसरीकडून आली आहे आणि तिच्यावरून वाड्याचं वय काढू नये.

एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर सुरीने सफेदीचे थर एकेक करत उघडा आणि रंगांचा क्रम लिहून ठेवा. दोन खोल्यांत थरांची संख्या फार वेगळी निघाली तर एक खोली नंतरची असण्याचा संभव मोठा. कागदांत सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखतं, वाटणीपत्रं बघा. मोडीतले कागद घडीवर फाटत असतील तर चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर नकोच. सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि वाचणाऱ्याला ते फोटोच द्या.